बेटावरची उष्टी हळद

करवंदीचं टेकाड हे बेट आहे, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पावसाळा संपता संपता मुळशीचं धरण काठोकाठ भरलं की टेकाडाच्या चारी अंगांना पाणी उभं राहायचं, आणि वैशाखात पाणी उतरलं की शेळ्या कोरड्या पायांनी तिथं चरायला जायच्या. एवढाच काय तो त्याचा इतिहास. पण मार्गशीर्षात पिक्चरवाले आले आणि त्यांनी टेकाडाचं निर्जन बेट करून टाकलं. तेही समुद्रातलं. बोट फुटून एक हिरो आणि एक हिरोईन त्या बेटाला लागणार, तिथं त्यांचं प्रेम जमणार आणि बेटावरचे भोळेभाबडे लोक त्यांचं लग्न लावून देणार, अशी गोष्ट होती. निर्जन बेटावर एवढे लोक कुठून आले, हे विचारायचं नसतं. वाडीनंही विचारलं नाही. भोळेभाबडे लोक म्हणून त्यांनाच उभं राहायचं होतं आणि दुपारच्या जेवणाची पाकिटं मिळणार होती.

मोनाली ही रामदासाची थोरली मुलगी. होडी वल्हवण्यात तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं, म्हणून पिक्चरवाल्यांची ने-आण बापाबरोबर तीच करत होती. मालेगावच्या नव्हे, इथल्याच, पौडाच्या पुढच्या माले गावातल्या कैलासशी तिची सुपारी फुटली होती. वैशाखात लग्न होतं. कैलासचा टेम्पो होता आणि त्याच टेम्पोतून मांडवाचे खोटे खांब, खोटी फुलं आणि खोट्या केळी काठापर्यंत आल्या होत्या. त्यामुळे कैलासही दिवसभर तिथंच घुटमळत असायचा. मोनालीला ते आवडायचं. तेव्हा आवडायचं.

पिक्चरमधल्या लग्नाच्या दिवशीच घोडं अडलं. हिरोईनीच्या कातडीला हळद चालत नव्हती, लावली की पुरळ उठायचं. हिरो दुसऱ्या कुठल्याशा शूटिंगला निघून गेला होता. निरंजन नावाचा डायरेक्टर कपाळाला हात लावून बसला. मग त्यानं होडीत बसलेल्या मोनालीकडं पाहिलं. चेहरा हिरोईनीचा घेऊ, तो नंतर घेऊ, आज फक्त हात, पाय आणि पाठ हवी, असं त्याचं म्हणणं. हिरोच्या पाठीसाठी त्यानं वरच्या आळीचा विकी पकडला. विकी म्हणजे फुलाआजीचा नातू, उंचापुरा गडी. तो लगेच शर्ट काढून तयार झाला.

मोनाली मात्र अडखळली. "नगं," ती म्हणाली. "आमच्याच लगनाला चार म्हयनं ऱ्हायल्यात."

"कर की," कैलास म्हणाला. "त्यात काय हाय? तालीम हुईल आपल्या लगनाची. मी हाय की हितं."

मी हाय की हितं. हे शब्द तिनं नीट ऐकले, आणि ती होडीतून उतरली.

आता फुलाआजीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापासून सुरू होतं. वाडीतल्या दोन पिढ्यांची हळद फुलाआजीनं लावली होती. कुणाच्याही घरी लग्न असो, उखळाजवळ पहिला मान तिचा. बाई गोड, पण या एका बाबतीत तिचा ताठा असा, की देवालाही मध्ये बोलायची सोय नव्हती. आणि निरंजननं नेमकं तिलाच हात जोडून सांगितलं, "आजी, काहीही खोटं करू नका. तुमच्याकडे खरं लग्न लागतं ना, अगदी तसंच हवं मला."

झालं. पिक्चरवाल्यांनी आणलेली पिवळी पूड आजीनं बोटावर घेतली, हुंगली आणि पाण्यात टाकली. "ही काय हळद हाय? रांगुळी हाय ही." तिनं होडी परत पाठवून स्वतःच्या घरातली हळकुंडं आणवली, उखळ आणवलं. मुसळाला आंब्याची पानं बांधली. पाच सवाष्णींनी हळद कांडली. कॅमेरावाला खूश झाला. मग गाणं आलं. हळदीच्या गाण्यात नवरदेवाचं आणि नवरीचं नाव घ्यायचं असतं. पिक्चरमधली नावं होती आर्यमान आणि इनाया. आजीनं दोनदा प्रयत्न केला आणि मान हलवली. "असली नावं देवाच्या वळखीची न्हाईत. देव म्हनंल, ही कोण मान्सं? आपल्या वाडीत तर कुनी न्हाई असलं." आणि तिनं गळा मोकळा करून सरळ विकीचं नाव घेतलं, मोनालीचं नाव घेतलं. बाकीच्या बायकांनी मागून झील धरली. निरंजनला काय त्याचं! तो त्या गाण्याच्या जागी स्वतःचं गाणं टाकणार होता.

पहिली हळद विकीला लागली. मग त्याच ताटातली, त्याच्या अंगाची उष्टी हळद मोनालीच्या हातापायांना, मानेला लागली. रीतच आहे ती, नवऱ्याची उष्टी हळद नवरीला. हळद गार होती. मोनालीनं मान वळवून काठाकडं पाहिलं, तर कैलास मोबाइलवर शूटिंग घेत होता आणि अंगठा वर करून दाखवत होता. मग अंतरपाट धरला गेला, अख्ख्या वाडीनं अक्षता टाकल्या, त्याही मन लावून, आणि निरंजन ओरडला, "कट!" मोनालीनं धरणात हातपाय धुतले, होडीत बसली आणि लोकांना काठावर पोचवायला लागली. तिच्या लेखी ते तिथंच संपलं.

पिक्चरवाले गेले. जाताना प्लास्टरचा एक खांब टेकाडावर तसाच टाकून गेले.

शिमग्याच्या सुमाराला ते गाणं मोबाइलवर आलं. वाडीत दिवाळीच झाली. ज्याचा कोपर दिसला तो कोपर दाखवत फिरला. हिरोईनीचं हसरं तोंड दिसायचं, मग हळदीनं माखलेले हात, मग तोंड, मग पाठ. तोंड तिचं, हात मोनालीचे. मोनालीनं ते गाणं तीनदा पाहिलं आणि तिला हसूच आलं. आपले हात एवढे चांगले आहेत हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हसू दोन दिवसही टिकलं नाही. कैलासची आई आशालता माल्याहून आली, ती रामदासाच्या घरी न येता थेट फुलाआजीच्या ओट्यावर जाऊन बसली. सोबत दोन पाहुणे. माल्यात गाणं पोचलं होतं आणि गाण्याच्या मागोमाग गावाची जीभही पोचली होती.

"आजी, खरं काय ते सांगा," आशालता म्हणाली. "पोरीला हळद लागली का न्हाई?"

इथं आजीनं एवढंच म्हणायचं होतं, की अगं बाई, पिक्चरचा खेळ तो. एक वाक्य. पण ते म्हणायचं म्हणजे आपण लावलेली हळद खोटी होती असं म्हणायचं, आणि ते आजीच्या तोंडून निघेना. "माज्या हातची हळद आजवर कुनाला खोटी लागली न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. हळद लागली, अक्षता पडल्या, देवाच्या कानावर नाव गेलं. आता त्याच पोरीला दुसऱ्यांदा हळद कशी लावायची? म्होतूर लावा. वाईट काय हाय त्यात?"

म्होतूर म्हणजे दुसरेपणाचं लग्न. ना मांडव, ना हळद, ना अक्षता, ना वाजंत्री. चार माणसांत पाटावर बसवायचं आणि अंधार पडल्यावर, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, सासरी न्यायचं. नवरा गेलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं असं उरकतात. ज्यांचा नवरा गेला त्यांनी तरी असं लपून का जायचं, हा प्रश्न मोनालीला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. तिचा तर नवरा गेलाही नव्हता, आलाही नव्हता.

ही बातमी घरी आल्यावर मोनालीला वाटलं, आता बाप चवताळून उठेल. रामदास होडीच्या फळीला डांबर लावत राहिला. आई, तानुबाई, चुलीपुढं बसून म्हणाली, "म्होतूर तर म्होतूर. नवरा तर त्योच हाय ना? मोडलं न्हाई हेच लई झालं."

"काय केलं मी, म्हनून लपूनछपून जाऊ?"

"काय बी केलं न्हाईस बाई. पर लोकांची तोंडं कुनी धरावी?"

"तू अक्षता टाकल्यास माज्यावर. तुज्या हातानं. तू सांग की लोकांस्नी!"

तानुबाईनं चुलीत फुंकर घातली. त्या दिवशी मोनालीनं धुणं असं आपटलं, की बापाच्या सदऱ्याची दोन बटणं फुटून पाण्यात गेली.

मग तिनं कैलासला फोन लावला. तिला खात्री होती. साऱ्या जगानं तोंड फिरवलं तरी हा फिरवणार नाही, कारण हा तिथं होता, यानंच तिला होडीतून उतरवलं होतं.

"आईच्या म्होरं कुनाचं चालतंय?" कैलास म्हणाला. "गपचिप उरकू. पुढं संसार तर आपलाच हाय."

"तुमी तितं व्हता."

"व्हतो की."

"तुमीच म्हनलात, कर म्हनून. सांगा की आत्याबाईंस्नी."

"आता सांगून काय हुनार? उगं घरात वाद. तू लई मनाला लावून घेतीस बग."

मोनालीनं फोन ठेवला. लई मनाला लावून घेतीस! हळद अंगाला लागली की नाही यावर दोन गावं भांडत होती आणि मनाला लावून घेणारी ती एकटीच ठरली होती.

याच्याही वरची गंमत पुढं झाली. पंधरवडाभरात विकीचं जमलं. मुलगी पाण्यापलीकडच्या गावातली, दीपाली नावाची, शिकलेली. मांडव, हळद, बँड, सगळं साग्रसंगीत ठरलं. ज्या पोराच्या अंगाची उष्टी हळद लागून मोनाली बाटली, त्या पोराच्या दारात केळीचे खांब उभे राहिले. त्याला कुणी काही विचारलं नाही. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मोनालीनं नळावर फुलाआजीला गाठलं.

"आजी, विकीला बी लागली व्हती की हळद. माज्या आदी लागली व्हती."

आजी हसली. तशी मायेनंच हसली. "बाप्याची हळद आंगुळीत धुवून जाती, पोरी. बाईची आत मुरती."

भरलेला हंडा मोनालीनं तिथंच ओतून दिला आणि रिकामा घेऊन घरी आली. त्या हंडाभर पाण्याबरोबर तिची लाजही वाहून गेली असावी, कारण पुढं जे तिनं केलं ते लाजणाऱ्या मुलीला जमलं नसतं.

विकीच्या हळदीचा दिवस उजाडला. वैशाखाचं ऊन. दारात मांडव, मांडवात पाटावर बनियनवर बसलेला विकी, पिवळाधमक. उखळाजवळ फुलाआजी, मानानं. बाहेर, धरणाला वळसा घालून जायला, जीप उभी होती. विकीच्या अंगाची उष्टी हळद वाटीत घेऊन करवल्या दीपालीच्या गावाला निघायच्या होत्या. पाहुण्यांत माल्याची आशालता होती आणि तिच्या मागं, खांबाला टेकून, कैलास.

मोनाली आली ती डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन. सरळ मांडवातून चालत गेली आणि विकीच्या घराच्या उंबऱ्यावर ट्रंक ठेवून तिच्यावर बसली.

गाणं थांबलं. "काय गं ह्ये?" फुलाआजीनं विचारलं.

"नांदाय आले, आजी."

कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी म्हणालं, पोरीला ऊन लागलं. तानुबाई धावत पुढं आली आणि तिचा दंड धरून ओढू लागली. मोनालीनं दंड सोडवून घेतला.

"हसू नगा," ती म्हणाली. आवाज चढलेला होता आणि तो चढलेलाच राहिला. "आजी, तूच म्हनलीस, हळद लागली, अक्षता पडल्या, देवाच्या कानावर नाव गेलं. कुनाचं नाव गेलं? माजं आनि आनखी कुनाचं? घे की नाव! तवा तर गळा काडून घेतलं व्हतंस. मी जर लगीन झालेली बाई हाय, तर माजा नवरा ह्यो हितं बसलाय, बनियनवर. आनि नवऱ्याच्या घरी मी न्हाई यायचं तर कुनी यायचं?"

विकीनं मान खाली घातली. हळदीखालीही त्याचे कान लाल झालेले दिसत होते.

"तसं न्हवं गं..." आजी म्हणाली.

"मग कसं?" मोनाली उठली. करवलीच्या हातातली हळदीची वाटी तिनं काढून घेतली, इतक्या झटक्यात, की ती पोर नुसती बघत राहिली. "ही कुनाला चाललीया? नवऱ्याची उष्टी हळद बायकूला जाती. मागची मी अंगावर घेतली. ही बी घेते." आणि तिनं दोन बोटं वाटीत बुडवली.

बायका किंचाळल्या. ती हळद एकदा मोनालीच्या गालाला लागली असती, तर दीपालीच्या घरी काय पाठवणार होते? जीपचा ड्रायव्हरसुद्धा गाडी बंद करून मांडवात डोकावला. फुलाआजी उखळाला धरून उठली.

"नगं पोरी. नगं. त्या लेकराचं वाटूळं हुईल."

"माजं झालं तवा तुला लेकरू दिसलं न्हाई. बोल आता. त्या दिशीची हळद खरी व्हती का खोटी? खरी आसंल तर मी हितंच ऱ्हाते. खोटी आसंल तर मोठ्यानं म्हन. आत्याबाईंस्नी ऐकू जाऊ दे, ड्रायव्हरलाबी जाऊ दे."

फुलाआजीनं नातवाकडं पाहिलं, मोनालीच्या पिवळ्या बोटांकडं पाहिलं, आणि स्वतःच्या हातांकडं. दोन पिढ्यांना हळद लावलेले हात. ते तिनं पदरात पुसले.

"खोटी व्हती," ती म्हणाली.

"मोठ्यानं."

"खोटी व्हती! खेळ व्हता त्यो पिच्चरचा. विकीला लागली न्हाई आनि तुला बी लागली न्हाई. माजंच चुकलं. मी नावं घ्याया नगं व्हती." आणि म्हातारी तिथंच, उखळाशेजारी, मटकन खाली बसली.

मोनालीनं वाटी करवलीच्या हातात परत दिली. "जावा. त्या पोरीचा काय दोस न्हाई. भरपूर लावा तिला." दोन बोटांची हळद मात्र अजून बोटांवरच होती. तिनं ती उंबऱ्याला पुसली.

आशालता मोठी व्यवहारी बाई. वारं फिरलं की तीही फिरली. ती लगबगीनं पुढं आली. "बरं झालं बाई, देवानंच निवाडा केला. आता आपन बी समदं रीतसर करू. मांडव, हळद, वाजंत्री. काय कमी पडू द्यायचं न्हाई." तानुबाईनं हात जोडले आणि डोळे पुसले. मोनालीनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि मांडवाबाहेर पडली.

घराकडची वाट टेकाडाच्या कडेनं जात होती. पाणी केव्हाच उतरलं होतं. निर्जन बेटावर जायला आता चिखल वाळून वाट झाली होती आणि तिच्यावरून शेळ्या रमतगमत चालल्या होत्या. प्लास्टरचा खांब उन्हानं तडकून पडला होता. मागून कैलास धापा टाकत आला.

"जिंकलीस की!" तो म्हणाला. चांगला खुशीत होता. "आन ती ट्रंक. मी घेतो."

मोनाली थांबली, पण ट्रंक दिली नाही. "एक करशील?"

आजवर ती त्याला तुमी म्हणत होती. त्याच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

"सांग की."

"समदी अजून मांडवात हायेत. म्हागारी जा आनि तुज्या आईला सांग. मी तितं व्हतो. मीच तिला व्हय म्हनाय लावलं. एवढं दोनच बोल. मग आन तुजी हळद, मी लावून घेते."

कैलासनं मांडवाच्या दिशेनं पाहिलं. मग टेकाडाकडं, मग शेळ्यांकडं. मान खाजवली. "सांगतो की. सांगायला काय? पर आज नगं, चारचौगांत. आई आत्ता कुटं जरा निवळलीया. तिचा रागरंग बगतो, तिलाच इचारतो आदी, आनि मग..."

मोनालीनं ट्रंक खाली ठेवली. कडी काढली. सगळ्यात वर सुपारीच्या दिवशी आशालतानं दिलेली मोरपंखी साडी होती, घडी न मोडलेली. ती तिनं काढली आणि कैलासच्या हातात दिली.

"ही बी आईला दे," ती म्हणाली. "आनि तिला इचार, ही कुनाला नेसवायची."

तो साडी धरून तसाच उभा राहिला. ट्रंक आता हलकी झाली होती. ती डोक्यावर घेऊन मोनाली काठाकडं निघाली, कारण जीपमध्ये न मावलेले, पलीकडच्या गावाला जाणारे वऱ्हाडी होडीसाठी कधीचे खोळंबले होते.